कोंबड्यांनी सोडलेली जागा

पादरा रोड, बडोदे
२७ नोव्हेंबर २०२३

निरुपमाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच बाजूला ठेवाल, अशी भीती वाटली. म्हणून पत्ता टाइप करून चिकटवला. त्याबद्दल आधीच माफी मागतो. तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही आणि स्नेहलताकडे मागण्याची सोय नाही. तुम्ही दोघी बहिणी बारा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. त्या भांडणात मी तेव्हाही पडलो नाही, आताही पडणार नाही. हे पत्र तिला ठाऊक नाही.

लिहितोय ते कोंबड्यांबद्दल. तीस वर्षं तुम्ही पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना कोंबडीपालन शिकवलंत. माझ्या ओळखीत या विषयातलं दुसरं कोणी नाही.

मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही शहराबाहेर, पादऱ्याच्या रस्त्याला बैठं घर घेतलं. आम्ही दोघंच. मागे मोठं अंगण आहे, अंगणाच्या मधोमध कडुनिंब आहे. दोन वर्षांपूर्वी स्नेहलतानं गावठी पिल्लं आणली. त्यांच्या बावीस कोंबड्या झाल्या आणि एक कोंबडा. खुराडं मी स्वतः बांधलं. आमच्या झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून, म्हणजे तीनच भिंती घालायच्या, चौथी आयती. तिथून पुढे दहा फूट लांब, सहा फूट रुंद. दोन वर्षं काही त्रास नव्हता. दिवस कलला की एकामागून एक आपणहून आत जायच्या.

दिवाळीपासून जात नाहीत. दारापर्यंत रांगेनं येतात. पहिली थांबते, मान उंच करते, आणि तिच्यामागच्या सगळ्या थांबतात. मग एकही आवाज न करता सगळ्या वळतात आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसतात. कोंबड्या इतक्या गप्प असू शकतात हे मला माहीत नव्हतं. परवा त्यातली एक मुंगसानं नेली.

मी यंत्रावर काम केलेला माणूस. यंत्र बंद पडलं की उघडून बघतो, कारण सापडतं. खुराडं उघडून बघितलं, काही सापडलं नाही. काय करू, ते कळवाल का?

आपला,
गजेंद्र

०

सातारा
४ डिसेंबर २०२३

श्री. गजेंद्रराव,

पत्र मिळालं. अक्षर आतलंही ओळखलं असतंच, पण असो. कोंबड्यांपुरतं उत्तर देते. बाकी कुठल्याही विषयावर लिहू नये ही विनंती.

एक. गुडघ्यावर बसून, डोकं कोंबडीच्या उंचीला आणून खुराड्यात श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर विष्ठेचा वायू साचतोय. माणूस उभ्याने आत जातो आणि सगळं ठीक म्हणतो. वरच्या बाजूला, बसायच्या दांड्यांपेक्षा उंच, हवा जायला फट हवी.

दोन. दांड्यांच्या खाचा आणि टोकं विस्तवानं किंवा उकळत्या पाण्यानं भाजून काढा. पिसवा दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि अंधारात रक्त पितात. कोंबडी ते विसरत नाही.

तीन. दांडी गोल नको, वरून चपटी हवी, दोन इंच रुंद. बसताना कोंबडी बोटांवर पोट टेकते. बारीक दांडीवर तिला झोप लागत नाही.

हे करूनही जात नसतील तर त्यांना उचलून आत घाला आणि तीन दिवस दार उघडू नका. आत दाणापाणी ठेवा. कोंबडीला घर म्हणजे जिथून सकाळी ती उठते ती जागा. तीन सकाळी तिथून उठली की चौथ्या संध्याकाळी ती आपणहून येते. मी हे शेकडो वेळा केलं आहे. आजवर चुकलेलं नाही.

निरुपमा

०

बडोदे
१६ डिसेंबर २०२३

निरुपमाताई,

सगळं केलं. वायू नाही, पिसवा नाहीत. दांड्या रंधा मारून चपट्या केल्या, वर जाळी बसवली. मग एकवीस कोंबड्या आणि कोंबडा पकडून आत घातला आणि तीन दिवस दार लावलं.

चौथ्या सकाळी उघडलं. सगळ्या पलीकडच्या भिंतीशी, एकमेकींच्या अंगावर चढून उभ्या होत्या. दांडीवर एकही नाही. दाण्याचं भांडं मी मध्ये ठेवलं होतं, ते भरलेलं तसंच होतं. पाणीही. खालची एक कोंबडी चेंगरून मेली होती आणि तिच्यावर बाकीच्या उभ्या होत्या.

आमच्या खोलीच्या भिंतीकडचा भुसा मी पसरला होता तसाच कोरा होता. तीन दिवसांत त्यावर एक पाऊल नाही, एक शीट नाही. कुठपासून कुठपर्यंत कोरा, ते टेप लावून मोजलं. भिंतीपासून सात फूट. कडा सरळ नव्हती. बाहेर फुगलेली, कमानीसारखी.

आणखी एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. अंगणात कडुनिंबाखालीही त्या अशीच एक जागा सोडतात. निंबोळ्या, किडे, सांडलेली बाजरी, काहीही असलं तरी आत जात नाहीत. तिच्या भोवतीनं फिरतात, आणि नेहमी एकाच बाजूनं, घड्याळाच्या उलट. दुपारी दोन ते पाच. त्या वेळात कोंबडाही आरवत नाही. तिथेही टेप लावला. मध्यापासून कडेपर्यंत सात फूट.

खुराडं आता उघडंच ठेवतो. कोंबड्या कंपाउंडच्या भिंतीवर बसतात आणि मी दिवस बुडेपर्यंत काठी घेऊन मुंगसासाठी बसतो.

गजेंद्र

०

सातारा
२३ डिसेंबर २०२३

गजेंद्रराव,

चेंगरलेल्या कोंबडीचा दोष माझा. "आजवर चुकलेलं नाही" हे वाक्य मी लिहायला नको होतं.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्या कोणत्या बाजूनं फिरतात हे तुम्ही पाहिलंत, ते फार महत्त्वाचं आहे. कोंबडीचे दोन डोळे दोन कामं करतात. दाणा आणि खडा वेगळा करायचा असेल तर ती उजवा डोळा वापरते. ज्याची भीती वाटते, ज्यावर नजर ठेवायची असते, त्याच्याकडे ती डावा डोळा वळवते. चालताना तिची मान आधी पुढे जाते आणि मग अंग मागून येतं, ते डोळा क्षणभर तरी स्थिर राहावा म्हणून. घड्याळाच्या उलट फिरताना मधली जागा सतत डाव्या डोळ्यासमोर राहते. त्या नुसत्या ती जागा टाळत नाहीत. त्या तिथे काहीतरी बघत आहेत.

घाबरण्याचं कारण नाही. तीन शक्यता आहेत. झाडाच्या मुळात आणि खोलीच्या पायात सापाचं बीळ असेल. जमिनीत विजेची गळती असेल. आपल्याला चपलेतून कळत नाही, कोंबडीला अनवाणी पायांतून कळतं. तिसरी, तुमच्याकडे उत्तरायणाचे पतंग आत्तापासून उडत असतील. आकाशात हलणारा काळा आकार म्हणजे कोंबडीला घार. तो ज्या फांदीत अडकला असेल तिच्याखाली ती जाणार नाही.

तिन्ही तपासा. जागेची आकृती काढून पाठवा. मधोमध नेमकं काय आहे, तेही लिहा.

निरुपमा

ता. क. तुमची सर्वांची तब्येत ठीक असावी.

०

बडोदे
१७ जानेवारी २०२४

निरुपमाताई,

साप पकडणारा येऊन गेला. बीळ नाही. इलेक्ट्रिशियननं खोलीचं आणि अंगणाचं अर्थिंग तपासलं, गळती नाही. कडुनिंबात एकही पतंग अडकलेला नव्हता.

पतंगांचं मात्र सांगतो. परवा उत्तरायण झालं. सकाळपासून आभाळात बोट ठेवायला जागा नव्हती. गच्च्यांवरून "काप्यो छे" च्या आरोळ्या, भोंगे. कोंबड्या भेदरून गेल्या. आडोसा फक्त कडुनिंबाखाली होता. त्या सगळ्या धावत झाडाच्या दिशेनं आल्या आणि नऊ फुटांवर थांबल्या, कोणीतरी हात आडवा धरल्यासारख्या. वर शेकडो पतंग, आणि या उघड्या उन्हात, पंख अंगाला घट्ट लावून, दिवसभर तशाच उभ्या. वरच्या घारीपेक्षा खालचं त्यांना जास्त वाटलं.

होय, नऊ फूट. सात होते ते नऊ झाले आहेत. दर रविवारी मोजतो.

मधोमध काय आहे, विचारलंत. एक खाट आहे. दुपारी सावलीत पडायला टाकलेली.

उत्तरायणाच्या गोंगाटामुळे दुसऱ्या दिवशी खाट उचलून मागच्या ओटल्यावर आणली. त्याच दुपारी कोंबड्या कडुनिंबाखाली मोकळ्या फिरू लागल्या, मातीत लोळल्या. मला वाटलं, सुटलो. मग बघतो तर ओटल्याभोवती तशीच अर्धी गोल जागा रिकामी. टेप लावला. नऊ फूट.

तुमच्या मापांनी नवं खुराडं बांधायला घेतलं आहे, अंगणाच्या पार टोकाला, घरापासून चाळीस फुटांवर. पादऱ्याहून एक सुतार येतो. काल हातोडी खाली ठेवून तो बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "साहेब, आ मरघीओ कोने जुए छे?" मी म्हटलं, कोंबड्या कोणाकडेही बघत नाहीत, तू तुझं काम कर. आज तो आला नाही. उरलेलं मीच करतो आहे.

गजेंद्र

०

सातारा
२३ जानेवारी २०२४

गजेंद्रराव,

खाटेवर कोण असतं?

निरुपमा

०

बडोदे
३१ जानेवारी २०२४

निरुपमाताई,

नवं खुराडं पुरं झालं. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. जमिनीपासून दीड फूट उंच, खाली जाळी, मुंगूस शिरू शकत नाही. दांड्या तुम्ही म्हणालात तशा. अंडी घालायची खोकी सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या आपणहून चढून आत गेल्या. कोंबड्यांच्या आवाजानं इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. उपकार झाले.

तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर मला देता येत नाही. शब्द दिला आहे.

अकरा फूट.

गजेंद्र

०

बडोदे
३ फेब्रुवारी २०२४

ताई,

ह्यांच्या शर्टाच्या खिशात तुझी पत्रं सापडली. धुवायला टाकायच्या आधी खिसे बघायची सवय अजून सुटलेली नाही. तुझं अक्षर अगदी तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं. "एक, दोन, तीन" वाचून मला हसू आलं. लहानपणी मला आंघोळ कशी करायची तेसुद्धा तू असंच सांगायचीस.

ह्यांच्यावर रागावू नकोस. मीच बजावलं होतं, ताईला कळवायचं नाही. ह्यांनी शब्द मोडला नाही. ह्यांनी फक्त कोंबड्या कळवल्या.

खाटेवर मी असते.

पोटात आहे. दिवाळीच्या आठ दिवस आधी कळलं. ऑपरेशन करून उपयोग नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्यानं बसायला खुर्ची दिली, एवढाच फरक. आता जेवण जात नाही, उठलं की चक्कर येते, म्हणून खाट. दुखत फार नाही, औषध चांगलं आहे. हे तुला खरं सांगते आहे.

कोंबड्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं, हे मात्र ह्यांनाही माहीत नाही. दसऱ्याच्या सकाळी मी नेहमीसारखी बाजरी घेऊन गेले, "आ आ आ" केलं, मूठ टाकली. एकही पुढे आली नाही. मी एक पाऊल टाकलं, त्या एक पाऊल मागे. दोन टाकली, दोन मागे. ज्यांना मी पिल्लं असताना पदरात घेऊन ऊब दिली होती, त्या. मला इतकं लागलं की मी टोपलं तिथेच टाकून आत येऊन रडले. घाण वाटते का त्यांना माझी, असं वाटलं. आंघोळ केली, लुगडं बदललं, पुन्हा गेले. तेच. मग पोट तपासून घ्यायचं मनात आलं ते त्यामुळेच. नाहीतर मी पित्त म्हणून अजून ओवाच खात बसले असते.

नंतर कळलं, त्यांना माझी घाण वाटत नाही. एक कोंबडी आहे, पिल्लू असताना कावळ्यानं तिचा डावा डोळा फोडला होता. ती एकटी येते. खाटेवर चढते, माझ्या मांडीवर बसते, झोपते. तुझं डाव्या डोळ्याचं वाचलं आणि मला समजलं. तिला ते दिसत नाही.

बाकीच्या बघतात, ताई. मी सोमवारी डोळे मिटून पडले होते. उघडले तर सगळ्या चालायच्या थांबून ओळीनं उभ्या. नीट बघितलं, माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या उशाशी, जरा वर, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. मी मान वळवली नाही. धीर झाला नाही. दुपारी तिथे गार लागतं, एवढं मात्र खरं.

आईच्या वेळचं आता लिहिते. आईनं मला शपथ घातली होती, निरूची बढतीची मुलाखत आहे, तिला कळवू नकोस. मी ऐकलं. आई गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलीस, दारातूनच बघितलंस, घोटभर पाणी न घेता परत गेलीस. बारा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी आईचं ऐकलं, माझं काय चुकलं? आता मी आईच्या जागी पडले आहे. मीही ह्यांना शपथ घातली. आणि रोज टपालाच्या वेळी फाटकाकडे कान देऊन बसत होते, की ह्यांनी मोडली असेल. आईनंही तसंच केलं असणार. मला तेव्हा कळायला हवं होतं.

माझं चुकलं. ये. रागावलेली असलीस तरी ये.

तुझी
स्नेहू

०

सातारा
९ फेब्रुवारी २०२४

स्नेहू,

पत्र आज अकरा वाजता मिळालं. कोल्हापूरहून अहमदाबादला जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं आहे. रविवारी सकाळी बडोद्याला उतरते. गजेंद्ररावांना स्टेशनवर पाठवू नकोस, मी रिक्षा करून येईन. हे पत्र पोचायच्या आधी बहुधा मीच पोचेन, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मला आता कशाचाही राग उरलेला नाही. मी पाणी न पिता निघाले ते तुझ्यावरच्या रागानं नाही. मुलाखतीच्या तयारीत तीन आठवडे मी आईला फोनसुद्धा केला नव्हता, आणि ते तुझ्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

उशाशी जो कोणी बसत असेल त्याला सांगून ठेव, ती जागा माझी आहे.

ताई

०

बडोदे
२७ मार्च २०२४

निरुपमाताई,

तुम्ही साताऱ्याला सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. सगळे दिवस झाले, माणसं आपापल्या गावी गेली. घरात आता मी आणि बाहेर त्या. वेळच्या वेळी खुराड्यात जातात, अंडी देतात. रिकामी जागा कुठेही राहिलेली नाही. पहिल्या रविवारी मी सवयीनं टेप घेऊन गेलो आणि मोजायला काही नव्हतं.

तुम्ही चोवीस दिवस तिच्या उशाशी बसलात. तुम्ही आल्यावर तिनं दोन वेळा पेज मागून घेतली, गाणी म्हटली, तुमच्या शाळेतल्या बाईंची नक्कल केली. हे मी विसरणार नाही. म्हणूनच हे विचारायला जड जातं, पण विचारल्याशिवाय मला झोप लागत नाही.

सहा मार्चच्या सकाळी तिनं शेतूर मागितली. तुम्ही म्हणालात, कसली शेतूर, तर ती म्हणाली, "तुती गं, इथे शेतूर म्हणतात." मी स्कूटर काढून खंडेराव मार्केटला गेलो. पिशवीभर घेऊन दहाच्या सुमाराला परत आलो. फाटक उघडत होतो, तेव्हा तुम्ही ओटल्यावरून ओरडलात, "गजेंद्रराव, बाजूला व्हा!" तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी काही न समजता स्कूटर ओढून भिंतीला चिकटून उभा राहिलो. अर्धा मिनिट, पाऊण मिनिट असेल. रस्त्यात एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून पलीकडे गेलं, एवढंच मला आठवतं. मग तुम्ही "आता या" म्हणालात. मी धावत आलो. ती गेलेली होती.

तेव्हा विचारलं नाही. स्टेशनवर विचारलं तर तुम्ही गाडीत चढलात आणि खिडकीतून मान हलवलीत. रोज सकाळी दहाला मी त्या भिंतीशी जाऊन उभा राहतो आणि तेच मनात येतं. तुम्ही थांबवलं नसतं तर मी तिचा हात धरायला पोचलो असतो का? जे असेल ते सांगा. तुमच्यावर राग धरणार नाही.

गजेंद्र

०

सातारा
२ एप्रिल २०२४

गजेंद्रराव,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. तुमची स्कूटर वळणावर ऐकू आली त्याच्या आधीच स्नेहू गेली होती. त्या पाऊण मिनिटानं तुमच्याकडून काही हिरावून घेतलं नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, तसं झालं म्हणून लिहिते. आता बाकीचं सांगते. स्टेशनवर बोलले नाही, कारण तोंडानं बोलता आलं नसतं.

तुम्ही गेलात तेव्हा कोंबड्या रोजच्यासारख्या कंपाउंडच्या भिंतीला लागून होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी अंगणच सोडलं होतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. मी स्नेहूचे केस विंचरत होते. पावणेदहाच्या सुमाराला सगळ्या एकदम चालू लागल्या. सरळ ओटल्याकडे. पहिल्या आठदहा बाजूच्या कठड्यावरून चढून वर आल्या. दोघी खाटेखाली बसल्या, एक तिच्या पायांवर, एक माझ्या पदराशी. बाकीच्या खाली अंगणात पसरून मजेत माती उकरायला लागल्या. मी आल्यापासून त्यांची ती कुरकुर पहिल्यांदाच ऐकली.

मला आनंद झाला. तीस वर्षं शिकवलेली बाई मी, मला वाटलं, आजार उतरतोय, वास बदलला असेल, औषध लागू पडलं. मी म्हटलं, "स्नेहू, बघ, आल्या तुझ्याकडे!" ती हसली. पायावरच्या कोंबडीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, उशाशी आता तूच आहेस. तो उठला."

मी विचारलं, कोण? ती अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओटलाभर कोंबड्या होत्या, पण पायऱ्यांवर एकही नव्हती. पायऱ्यांच्या खालीही नाही.

ती म्हणाली, "ह्यांना सांग, शेतूर धुऊन खा." तिचा हात माझ्या हातात होता, तो सैल झाला. मी नाडी बघितली, पुन्हा बघितली. रडू यायला वेळ मिळाला नाही. अंगणात कुरकुर थांबली होती.

कोंबड्या बाजूला सरकत होत्या. घाबरून पळत नव्हत्या. वाट द्यावी तशा. पायरीपासून फाटकाकडे त्यांच्यामधून एक रस्ता उघडत जात होता आणि मागून मिटत येत होता, सावकाश, आजारी माणसाच्या चालीनं. किती रुंद होता, ते तुम्ही विचाराल म्हणून लिहिते. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा.

तो अर्ध्या अंगणात आला आणि मला तुमची स्कूटर ऐकू आली. तुम्ही उतरलात, कडी काढलीत, फाटकाच्या बरोबर मध्ये उभे राहिलात, आणि रस्ता सरळ तुमच्याकडे चालला होता. मला काहीही दिसत नव्हतं. पण दोन वर्षांच्या कोंबडीला जे कळत होतं, त्यावर माझा त्या क्षणी पूर्ण विश्वास होता. म्हणून ओरडले.

तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत, बाजूला झालात. शेवटची कोंबडी तुमच्यापासून हातभर अंतरावर होती, ती सरकली. मग काही क्षण कोणीच हललं नाही. बाहेरचं कुत्रं उठून गेलं, ते मीही पाहिलं.

मी तुम्हाला लगेच बोलावलं नाही. तो तुमच्यापाशी थांबला नाही, याची मला खात्री हवी होती. स्कूटर ओढताना तुमच्या हातातली पिशवी फाटली होती आणि शेतूर तुमच्या चपलांवर सांडली होती. तुम्हाला ते कळलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आधी कोंबडा आला, मग एक कोंबडी, मग सगळ्या धावत आल्या, आणि तुमच्या दोन्ही पायांना चिकटून त्या शेतूर वेचायला लागल्या.

तेव्हा मी म्हटलं, आता या.

निरुपमा